फक्त निवडलेला भाग

ता. ४ सप्टेंबर

चि. मिरची,

आशीर्वाद आहेतच, ते तू दर वेळेसारखे गृहीत धर. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू भराभर बोलतेस, म्हणून कागद घेतला.

काल आपल्या शाळेत कवितापाठाची स्पर्धा झाली. हॉल तसाच आहे गं. खिडकीच्या गजांतून ऊन येतं आणि फळ्यावर पट्ट्यापट्ट्या पडतात. मला वाटतं, मी पहिल्यांदा वर्गात उभा राहिलो तेव्हाचंच ते ऊन आहे, घरी जायचं विसरलंय. मी मधल्या खुर्चीत. एका बाजूला गाण्याच्या बाई, दुसऱ्या बाजूला दातांचे डॉक्टर. माजी विद्यार्थी म्हणून त्यांना परीक्षक केलंय. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे उच्चार बघणार की दाढा?" मी हसलो तर समोरचा मुलगा घाबरून ओळ विसरला. पाप लागलं.

मग शेवटी ती आली. चावीवाल्याची मुलगी. बाजाराच्या तोंडाशी ज्याची चाव्यांची टपरी आहे, त्याची. नावं द्यायची मुदत संपल्यावर तुझ्या कारकुनाला मी चिठ्ठी पाठवली होती ना, एक नाव वाढवा म्हणून? तीच ही. होडीची कविता म्हणाली. मी आयुष्यभर शिकवलेली कविता. हातवारे नाहीत, डोळे मिटणं नाही, मान वेळावणं नाही. उभी राहिली आणि म्हणाली, बस. आवाज असा खणखणीत, की माझ्या अधू कानालासुद्धा हात लावावा लागला नाही. दाराजवळच्या शिपायाने उठून पंखा बंद केला. ऐकू येत नव्हतं म्हणून नव्हे. त्याला पंख्याच्या कुरकुरीची लाज वाटली असणार.

मला राहवलं नाही. उठलो, माईक घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "पोरी, पहिला नंबर तुझाच. बॅग भरायला लाग!" टाळ्या काय पडल्या! तिचा बाप दारात उभा होता. कमरेच्या चाव्यांचा जुडगा वाजू नये म्हणून त्याने मुठीत घट्ट धरला होता.

इथे आपली शाळा सातवीपर्यंतच. पहिल्या आलेल्या मुलाला तुमच्या शहरातल्या निवासी शाळेत जागा मिळते, ती हिला मिळेल. नाही तर पुढच्या वर्षी बाप तिला टपरीवर बसवणार, हे त्याने मला आधीच सांगून ठेवलंय. बिचाऱ्याचं चुकतही नाही. ती तिकडे आली की लक्ष ठेव. पहिले काही दिवस रडेल, तूही रडायचीस.

शाळेच्या मंडळाची बैठक झाली की निकालाचा एक कागद मला पाठव. आणि शाळेमागच्या या खोलीत आणखी एक वर्ष राहण्याच्या माझ्या कागदावर तुझी सही व्हायची आहे. तू मंडळाची कार्यालयप्रमुख झाल्यापासून मला आठवण करायला लाज वाटते, तरी करतो.

तुझा मामा

ता. १९ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार. आधी एक सांगते. पाकिटावर "मिरची" लिहू नका. टपाल आधी शिपाई बघतो, मग मी. परवा डबा उघडताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तिखट चालतं ना, साहेबांसारखं?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग त्याची रजा नामंजूर केली.

बैठक झाली. पहिला क्रमांक शिंप्याच्या मुलाचा. तो सोमवारी इथे दाखलही होतोय.

निकालाचा कागद सोबत आहे. संगणकावरचं पूर्ण शीट मागू नका, छापलं तर ते माझ्या टेबलाएवढं रुंद होईल. जन्मतारखा, पालकांचे फोन, प्रत्येक परीक्षकाचे वेगळे गुण, शेरे, सगळं त्यात असतं. मंडळापुढे ते ठेवलं तर चहा गार होईपर्यंत कुणी मान वर करणार नाही. म्हणून नाव आणि एकूण गुण, एवढाच भाग आम्ही निवडतो आणि तेवढाच छापतो. हा छापायचा भाग एकदा ठरवून ठेवला की पुन्हा दर वर्षी खुणा करत बसायला नको. बटण दाबलं की तेवढंच बाहेर. बाकीचं कुठे जात नाही, शीटमध्येच असतं. फक्त दिसत नाही. मंडळाचे लोक कागदावर सगळ्यात मोठा आकडा शोधतात, त्याला गोल करतात आणि सह्या करतात. काम संपलं.

तुम्ही परीक्षक आहात, मामा, मंडळ नव्हे. माईक दिसला की हातात घेतलाच पाहिजे असं नाही. आता तुमच्या त्या मुलीला तुम्हीच सांगा.

तुमचा कागद टेबलावर आहे. करते.

तुमची भाची

ता. २६ सप्टेंबर

चि. मिरची, (पाकिटावर नाही लिहिलं, आत तरी लिहू दे)

शिंप्याचा मुलगा गुणी आहे, मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. त्याला हवे तर दोन नंबर दे. पण तुझ्या कागदावर चावीवाल्याच्या मुलीचं नावच नाही! पहिलं नाही, शेवटचं नाही, कुठेच नाही. चष्मा पुसून पाहिला. मग कागद उलटा करून पाहिला, मागे छापलं असेल म्हणून. खिडकीशी उजेडात धरून पाहिला. शेजारचा पहारेकरी म्हणाला, "गुरुजी, नोट खोटी आहे का?"

पोरगी शाळेत त्या हॉलमध्ये उभी राहिली, हे मी स्वप्नात तर नाही ना पाहिलं? या वयात तेही होतं. पण शिपाई म्हणतो, पंखा मी बंद केला होता.

काल चावीवाला आला. बसला नाही. मी बस म्हटलं तर म्हणाला, "बसायला नाही आलो. गुरुजी, तुम्ही माईकवरून बोललात की नाही?"

"बोललो रे."

"मग पोरगी विचारते, गुरुजी खोटं बोलतात का. मी काय सांगू? आम्ही नंबर मागायला आलो नव्हतो तुमच्याकडे. तिचं नाव तुम्ही घातलं. तिला बॅग भर तुम्ही म्हणालात. तिने भरली. आता रोज उपसते आणि पुन्हा भरते. तिची आई म्हणते, घडीवर घडी पडून कपडे फाटतील."

मी म्हणालो, "काहीतरी राहून गेलंय, माझी भाचीच तिथे मोठी साहेब आहे, विचारतो." भाचीचं नाव काढल्यावर तो जरा निवळला. जाताना म्हणाला, "साहेब तुमच्या घरातलीच आहे, मग काय बघायचं!"

तेव्हा मला पूर्ण कागद पाठव. टेबलाएवढा असेल तर जमिनीवर अंथरून वाचीन. तिला किती गुण पडले, कुणी किती दिले, एवढं मला कळू दे. मी तिला पैकीच्या पैकी दिले होते.

मामा

ता. ८ ऑक्टोबर

ती. मामा,

तुम्हाला हे कधी कळू नये अशी माझी इच्छा होती. पण तुम्ही हट्टच धरलाय, तर घ्या.

सोबत एक पट्टी आहे. शीटमधला तुमचा रकाना तेवढा निवडून छापलाय. वरचा मथळा वाचा: "मानद परीक्षक (बेरजेत नाही)". तुमचे गुण एकूण गुणांत धरत नाहीत, मामा. या वर्षी नाही, मागच्या वर्षी नाही, तुम्ही निवृत्त झाल्यानंतरच्या कुठल्याच वर्षी नाही. हे मी नाही ठरवलं, मी या खुर्चीवर आले तेव्हापासून असंच आहे. पण मी बदललंही नाही. कसं बदलणार? तुम्ही निम्म्या मुलांना पैकीच्या पैकी देता. जो रडतो त्याला जास्त. ज्याचे केस तेल लावून नीट बसवलेले असतात त्याला जास्त. एका वर्षी तुम्ही स्पर्धेला आलेल्या धाकट्या बहिणीला गुण दिले होते, ती नुसती भावाचं बोट धरून उभी होती.

तुम्हाला मधली खुर्ची देतात ती फोटोत बरी दिसते म्हणून. पांढरे केस, जाड चष्मा, शाळेची परंपरा. अहवालात दर वर्षी छापतो तो फोटो.

मुलीचं नाव कागदावर नव्हतं कारण आम्ही वरचेच छापतो. खाली राहिलेल्यांची नावं छापून त्यांची शोभा कशाला करायची? तुम्हाला ती आवडली, बाकीच्यांना नाही. इतकी साधी गोष्ट आहे. चावीवाल्याला सांगा, परीक्षकांची मतं वेगवेगळी असतात. ते खोटंही नाही.

आता हा विषय बंद.

तुमची भाची

ता. २ नोव्हेंबर

चि. मिरची,

इतके दिवस लिहिलं नाही. ती पट्टी मी उशीखाली ठेवली होती. मग वाटलं, उशीखाली कशाला, स्वप्नं तरी बरी पडू देत. म्हणून डब्यात टाकली.

तुझं खरं आहे. मी हात सैल सोडून गुण देतो. मला नेहमी वाटायचं, त्या वयात कुणीतरी एकदा तरी आपल्याला पैकीच्या पैकी द्यायला हवेत, मग पुढे जग कापणारच आहे. ते बेरजेत धरत नव्हते तर मला आधी सांगायचं होतं. मी रात्रभर विचार करून अर्धा गुण कापायचो, कुणावर अन्याय नको म्हणून. असो. फोटो तरी चांगला येतो म्हणतेस, हे बरं.

आता ऐक. परवा माझी दाढ फार ठणकायला लागली म्हणून डॉक्टरांकडे गेलो. तेच, आपले परीक्षक. त्यांनी माझा जबडा फाकवला, तोंडात नळी घातली, कापूस कोंबला आणि मग म्हणाले, "गुरुजी, त्या चावीवाल्याच्या मुलीचं काय झालं हो? काय म्हणाली ती! मी तर तिला सगळ्यात जास्त गुण दिले. गाण्याच्या बाईंनीही दिले, निघताना त्यांनीच मला सांगितलं. ती गेली नाही अजून शहरात?"

मी "आँ, आँ" करतोय आणि ते म्हणतायत, "दुखतंय का? झालं हं, झालं."

तिथून थेट गाण्याच्या बाईंकडे गेलो. अर्धा गाल सुजलेला. त्या म्हणाल्या, "अहो, तिच्यापुढे दुसरं होतंच कोण?"

घरी येऊन तुझा पहिला कागद पुन्हा काढला. वरचेच छापतो म्हणालीस. मग जो मुलगा ओळ विसरून रडत खाली उतरला, तो या कागदावर कसा? त्याच्या नावापुढे इतके कमी गुण आहेत की मला त्याचा पुन्हा कळवळा आला. तो वर आणि ही खाली?

तू मला माझा रकाना छापून पाठवलास, म्हणजे माझी मान खाली जावी आणि मी दुसरीकडे बघूच नये. आणि मी नाही बघितलं, जवळजवळ महिनाभर. हुशार आहेस. आता मला खरं सांग, बाळ. मी तुला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवून घेतली आहेत.

मामा

ता. ९ नोव्हेंबर

ती. मामा,

मांडी मध्ये आणू नका.

खरं हवंय ना? तुमच्या रकान्याशिवायही ती पहिली आहे. थोडीथोडकी नाही, शिंप्याच्या मुलाच्या कितीतरी पुढे.

मी सांगितलं होतं, छापायचा भाग एकदा ठरवला की तो तसाच राहतो. तो मागच्या वर्षीचा होता. मागच्या वर्षी जितकी मुलं होती तितक्या ओळींपाशी चौकट संपते. यंदा मुदत उलटल्यावर एक नाव वाढलं, ते सगळ्यात खाली गेलं. चौकटीच्या बाहेर. शीटमध्ये ती आहे, तिची बेरीज आहे. कागदावर आली नाही. मंडळाने कागद पाहिला, सगळ्यात मोठा आकडा गोल केला, सह्या केल्या. ते शेवटचं नाव चिठ्ठी पाठवून कुणी घालायला लावलं, हे मी तुम्हाला सांगायला नको. वेळेत घातलं असतंत तर मुलगी आज इथे असती.

कागदावर तिचं नाव नाही असं तुमचं सप्टेंबरातलं पत्र येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. ते वाचून मी शीट उघडलं, खाली सरकले, आणि ती तिथे बसलेली. मग दार लावलं आणि विचार केला.

तुम्हीही करा. शिंप्याच्या मुलाच्या कपाटावर त्याचं नाव चिकटलंय. बापाने गणवेश स्वतः शिवलाय, बाही वाढवता यावी म्हणून आत कापड दुमडून ठेवलंय. त्याला परत पाठवायचं? या, तुम्हीच सांगा त्याला. माईकची सोय करते. जागा एकच असते, दुसरी निर्माण होत नाही, हे मी अध्यक्षांना आडून विचारून घेतलंय.

मी चूक कबूल केली तर ही खुर्ची जाते. न बघता कागद पुढे केला, हे ते सोडणार नाहीत. माझ्या जागी उपप्रमुख येईल. त्याचा तुमच्या खोलीवर कधीपासून डोळा आहे. त्याला तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवायचंय.

आणि मामा, एवढे दुखावू नका. मी पाचवीत तुमच्याच वर्गात होते. होडीच्या कवितेचं शेवटचं कडवं, ज्यात होडी बुडते, ते तुम्ही आम्हाला कधी शिकवलंच नाही. पुस्तकात त्यावर कोरा कागद चिकटवायला लावलात, मुलांना वाईट वाटेल म्हणून. परीक्षेत नेमकं तेच आलं आणि मी कोरा कागद देऊन आले. निवडक छापणं मी कचेरीत नाही शिकले.

तुमची भाची

ता. १३ नोव्हेंबर

चि. सौ. कार्यालयप्रमुख,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदाही बसून वाचता आलं नाही.

मी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं आहे. सगळं लिहिलं आहे: चौकट, ओळ, माझी चिठ्ठी, माझा उशीर, काही झाकलं नाही. तुझ्यावर कमीत कमी ठपका येईल असं लिहिलं आहे, पण तू चूक कळल्यावर गप्प बसलीस हे गाळता आलं नाही. पाकिटावर तिकीट लावलंय. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलंय, म्हणजे येता-जाता दिसेल.

खोली गेली तर जाऊ दे. माझं काय उरलंय? मला कुठेही एक खाट मिळेल. वर्गात उभा राहून मी हजारदा सांगितलं, की मोठ्याने म्हणा, खालच्या आवाजात म्हटलेली कविता कुणाची नसते. आणि आज मीच दातांत जीभ धरून बसू? ते व्हायचं नाही.

शिंप्याच्या मुलाचं वाईट वाटतं. पण ते वाईट वाटणं वेगळं आणि हे वेगळं. मला दोन्ही वाटू शकतात, मी म्हातारा आहे, मला वेळच वेळ आहे.

दहा दिवस थांबतो, मग येणाऱ्या सोमवारी टपालात टाकतो. त्याआधी तू स्वतःहून काही करणार असशील तर कर. तुझ्या हातून झालं तर मला जास्त बरं वाटेल.

मामा

ता. १७ नोव्हेंबर

ती. मामा,

"कुठेही एक खाट मिळेल" असं लिहिलंत म्हणून मी चौकशी केली. मिळते.

बायपासवर वृद्धांसाठी एक जागा आहे. मी काल जाऊन आले. एका दालनात आठ खाटा, मध्ये फूटभर वाट. प्रत्येकाला एक फळी, तीवर औषधं आणि कपडे ठेवायचे. पुस्तकांना परवानगी नाही, वाळवी लागते म्हणून. मी मुद्दाम विचारलं, "एक-दोनसुद्धा नाहीत?" ती बाई म्हणाली, "एकाला हो म्हटलं की सगळे पोतं घेऊन येतात." टीव्ही सकाळी लावतात तो निजानीज होईपर्यंत चालू असतो, मोठ्याने, कारण सगळ्यांचे कान तुमच्यासारखेच. तुमच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस मोठ्याने हाका मारतो. कुणाला, ते कुणाला माहीत नाही. खिडकी आहे, पण ती भिंतीकडे उघडते.

आमच्याकडे? तुमच्या जावयांना विचारलं. म्हणाले, "आठवडाभर काही हरकत नाही."

माझ्या टेबलावर दोन कागद आहेत. एक तुमच्या खोलीचा, आणखी एका वर्षाचा. दुसरा त्या जागेचा अर्ज, नातेवाईक म्हणून मी सही करायचा. दोन्हींवर पेन आडवं ठेवलंय.

मुलीला काहीतरी सांगावं लागेल, नाही तर तो चावीवाला एक दिवस इथे येऊन उभा राहील. ते तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकेल, असं काहीतरी.

तुमची भाची

ता. १ डिसेंबर

चि. मिरची,

ते पत्र मी टाकलं नाही. सोमवारी टपालपेटीपर्यंत गेलो होतो. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घातलं आणि का कोण जाणे, मला तो माणूस ऐकू आला, हाका मारणारा. परत आलो. घरी येऊन पाकीट फाडलं, तिकीट तेवढं वाफेवर सोडवून घेतलं. तेच या पाकिटावर लावतोय.

खोलीच्या कागदावर सही करून पाठवून दे.

मुलीचं काम झालं. कसं झालं ते लिहितो, तुलाही माहीत असावं.

शाळा सुटल्यावर तिला आणि तिच्या बापाला खोलीवर बोलावलं. या वेळी तो बसला. ती उभीच, पाठीवर दप्तर. मी म्हणालो, "बेटा, माझं चुकलं. मी त्या दिवशी भारावून बोलून गेलो. मी म्हातारा माणूस, मला सगळ्यांचंच चांगलं वाटतं. बाकीच्या परीक्षकांना तुझं म्हणणं तितकंसं पटलं नाही. मी नंतर विचार केला, तर त्यांचं बरोबर होतं."

चावीवाल्याने मोठा श्वास सोडला. म्हणाला, "बरं झालं गुरुजी, स्पष्ट सांगितलंत. उगाच आस धरून बसली होती. मी हिला म्हणतच होतो, आपल्यासारख्यांना कोण नेतंय." मग तिच्याकडे वळून, "ऐकलंस? आता ती बॅग माळ्यावर टाकायची."

तिने ऐकलं. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, त्याची मी तयारी करून ठेवली होती, खिशात गोळ्याही आणल्या होत्या. तिने विचारलं, "कुठे चुकलं, गुरुजी?"

मिरची, मी याची तयारी केली नव्हती. इतकी वर्षं मास्तरकी केली आणि हा प्रश्न येईल हे सुचलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी सांगायला हवं म्हणून मी म्हणालो, "आवाज. फार चढतो तुझा आवाज."

"म्हणून दाखवू?" ती म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता दप्तर खाली ठेवून म्हणायला लागली. होडीचीच. पहिल्याच ओळीला खोली भरून गेली. बाहेर पहारेकऱ्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तो ऐकायला दाराशी आला असणार. मी हात वर केला. "बघ, हेच. खाली घे."

तिने खाली घेतला. त्यातही इतका गोडवा, की मला भिंतीकडे बघावं लागलं. मी म्हणालो, "अजून खाली."

"असा?"

"अजून."

बाप म्हणाला, "अगं, गुरुजी सांगतायत तसं कर ना, डोकं आहे की नाही?" ती पुन्हा सुरुवातीपासून म्हणाली. पुन्हा खाली घेतला. फार शहाणी मुलगी आहे, सांगितलेलं लगेच पकडते. प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो, नाही. ती आणखी खाली उतरायची. मी कधीच कुणाला इतकं मन लावून शिकवलं नसेल. शेवटी तिचे फक्त ओठ हलत होते आणि आवाज मुळीच येत नव्हता.

"आता?" तिने विचारलं, तेही तसंच, नुसत्या ओठांनी.

मी म्हणालो, "हं. आता जमलं."

तुझा मामा